गाळलेल्या जागा पाचदा भरा

शाळेत गाळलेली जागा एकदाच भरायची असते. सांख्यिकीत ती पाचदा, वीसदा, कधी शंभरदाही भरतात. या उद्योगाचे मूळ अमेरिकेतल्या सरकारी सर्वेक्षणांत आहे. उत्पन्नाचा प्रश्न आला की लोक गप्प होतात. मग तिथला जनगणना ब्युरो ‘हॉट डेक’ वापरी: मिळत्याजुळत्या दुसऱ्या माणसाचे उत्तर रिकाम्या रकान्यात टाकायचे. डेक म्हणजे पंचकार्डांची चळत. फाइल भरलेली दिसे, पण उसने उत्तर खऱ्यासारखेच मोजले जाई आणि स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातल्या अनिश्चिततेचे माप, उगाच लहान येई.

सांख्यिकीतज्ज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये माहिती का गहाळ होते याचेच गणित मांडले. १९७८ मध्ये त्यांनी सुचवले की एकच अंदाज भरू नका. अनेक भरा, म्हणजे माहितीचे अनेक भरलेले संच तयार होतील. प्रत्येक संचावर तेच रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यात मोजणारे गणित, चालवा. त्यातून आलेल्या गुणकांची (संबंध किती, हे सांगणाऱ्या आकड्यांची) सरासरी घ्यायची. संचांच्या आतल्या सरासरी प्रसरणात (स्टँडर्ड एररच्या वर्गात) संचासंचांतला फरक (१ + १/m) ने गुणून मिळवायचा. m म्हणजे संचांची संख्या. तेव्हा तीन-पाच संच पुरेसे मानत. आज वीसही कमी वाटतात.

पॅनेल डेटाचे, म्हणजे त्याच लोकांकडून वर्षानुवर्षे घेतलेल्या माहितीचे, घराणे वेगळे, अर्थशास्त्रज्ञांचे. मिशिगन विद्यापीठाने १९६८ पासून त्याच कुटुंबांना पुन्हा पुन्हा गाठायला सुरुवात केली. प्रत्येक कुटुंबाचे कायमचे वेगळेपण पूर्ण वजा करायचे (फिक्स्ड इफेक्ट्स) की ते इतर चलांशी संबंध नसलेला योगायोग मानायचे (रँडम इफेक्ट्स), हा वाद १९७८ मध्येच इकॉनोमेट्रिका या नियतकालिकात दोन लेखांनी धारदार केला: एक यायर मुंडलाक यांचा, दुसरा जेरी हॉसमन यांचा.

दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळायला वेळ लागला, आणि सुरुवातीला ती नीट जमलीही नाही. कारण साधे आहे. १९९० आणि १९९१ ची ओळ एकाच कुटुंबाची आहे हे इम्प्युटेशनला, म्हणजे जागा भरणाऱ्या पद्धतीला, सांगितले नाही, तर भरलेल्या आकड्यात त्या कुटुंबाचा ठसा उतरत नाही. फिक्स्ड इफेक्ट्स कुटुंबाची सरासरी वजा करते, तेव्हा त्या आकड्यांत उरतो बराचसा गोंगाट. सांख्यिकीतज्ज्ञ जोसेफ शेफर यांच्या ‘पॅन’ या सॉफ्टवेअरने हा ठसा मॉडेलमध्ये घेतला. राज्यशास्त्रात जेम्स होनाकर आणि गॅरी किंग यांनी २०१० मध्ये काळाचा ओघ आणि देशादेशांतला फरक जमेस धरणारी पद्धत मांडली. त्यांच्या सॉफ्टवेअरचे नाव अमेलिया, बेपत्ता झालेल्या वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांच्यावरून. गहाळ माहितीला याहून समर्पक नाव सापडणे कठीण.

स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या अकराव्या आवृत्तीत, २००९ मध्ये, अनेकदा जागा भरण्यासाठी ‘एमआय’ आज्ञा आल्या आणि पुढे पॅनेल रिग्रेशनही सर्व संचांवर एका ओळीत चालू लागले. अडले ते फिक्स्ड की रँडम हे ठरवणाऱ्या हॉसमन चाचणीपाशी. दोन प्रसरणांच्या वजाबाकीवर ती उभी असते. एका संचावरही काय-वर्ग, म्हणजे चाचणीचा आकडा, जो खरे तर ऋण असू नये, कधी ऋण येतो, मग पाच संचांतले पाच काय-वर्ग घेऊन त्यांची नुसती सरासरी काढणे हे तर चुकीचेच. इथे मुंडलाक यांची जुनी युक्ती कामी येते: रँडम इफेक्ट्समध्ये प्रत्येक चलाची कुटुंबनिहाय सरासरी घालायची आणि त्या सरासऱ्यांचे गुणक एकत्रितपणे शून्य आहेत का, हे तपासायचे. गुणक रुबिन यांच्या नियमाने बिनतक्रार एकत्र होतात.