रेकॉर्डिंगमधली 'टिक्' कुठून येते? लिनक्सवरचा घरगुती स्टुडिओ

सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नातल्या एका परिषदेत प्रोग्रॅमर थॉमस ग्लाइक्सनर यांनी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांच्या हाती सोनेरी कागदात गुंडाळलेली एक विनंती ठेवली: 'प्रीएम्प्ट-आरटी' हा कोड, म्हणजे लिनक्सला ठरल्या मुदतीत काम करायला लावणारा, 'रिअल-टाइम' करणारा कोड, मूळ लिनक्समध्ये सामावून घ्या. जवळपास वीस वर्षं हे काम कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरून ठिगळासारखं लावावं लागत होतं. नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ या कर्नलमध्ये ते रीतसर दाखल झालं. पाठोपाठ एक गैरसमजही आला: लिनक्स आता 'रिअल-टाइम' झालं, म्हणजे वेगवान झालं, म्हणजे आता त्यावर गाणं रेकॉर्ड करता येईल.

रिअल-टाइम कर्नल सरासरीने पाहिलं तर किंचित मंदच असतं. आणि गाणी लिनक्सवर आधीपासून उत्तम रेकॉर्ड होत आहेत; पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेलं 'आर्डर' हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वीस वर्षांहून जुनं आहे. मग या नव्या गोष्टीने नेमकं काय साधलं? ते कळलं की स्टुडिओ जुळवताना पैसे आणि वेळ कुठे घालवायचे, हेही कळतं.

माइक आणि लॅपटॉप यांच्यामधली पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. माइकमधून येणारा आवाज तो सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो. हे आकडे, म्हणजे नमुने, एकेक करून प्रोसेसरकडे पाठवणं परवडत नाही, म्हणून त्यांचे गठ्ठे करतात. हा गठ्ठा म्हणजे बफर. १२८ नमुन्यांचा बफर घेतला तर १२८ भागिले ४८,०००, म्हणजे २.६७ मिलिसेकंद. २५६ चा घेतला तर ५.३३ आणि १०२४ चा घेतला तर २१.३. इंटरफेस एक गठ्ठा वाजवत असतो तेवढ्यात पुढचा तयार व्हावा लागतो: सगळे ट्रॅक मिसळून, रिव्हर्ब आणि इक्वलायझर लावून, २.६७ मिलिसेकंदांच्या आत. त्याला उशीर झाला तर इंटरफेसकडे वाजवायला काहीच उरत नाही. ध्वनिलहरीत अचानक पायरी पडते आणि ती कानाला 'टिक्' अशी ऐकू येते. या चुकीला 'एक्सरन' म्हणतात.

आता हिशेब करा. १२८ च्या बफरला सेकंदात ३७५ मुदती येतात. चार मिनिटांच्या गाण्यात ९०,०००. त्यातल्या ८९,९९९ पाळल्या आणि एक हुकली, तरी तो टेक गेला. म्हणून इथे सरासरीला काही अर्थ नाही. सरासरी लय अचूक, पण अधूनमधून समेवर चुकतो, अशा तबलजीला कोणी साथीला बसवत नाही. महागडा प्रोसेसर सरासरी सुधारतो. एक्सरन मात्र सर्वांत वाईट क्षणातून जन्मतो, आणि तो क्षण बहुतेक वेळा प्रोसेसरच्या वेगामुळे येत नाही. दुसरंच कुठलं तरी काम वाटेत आडवं आल्यामुळे येतो.

हे 'आडवं येणं' समजून घेण्यासारखं आहे. लिनक्समध्ये साधी कामं आपापसात वेळ वाटून घेतात. आवाजाच्या कामाला त्या रांगेतून काढून १ ते ९९ मधला रिअल-टाइम अग्रक्रम देता येतो. ज्याचा आकडा मोठा, ते आधी. ते जागं झालं की ब्राउझरने बाजूला व्हायचं. पण कर्नल स्वतःच काही करत असेल तर? जुन्या रचनेत कर्नलच्या काही भागांना मध्येच थांबवता येत नसे. वायफायचा ड्रायव्हर एखादं लॉक (एका वेळी एकालाच वापरता येणाऱ्या गोष्टीवरचा ताबा) धरून बसला असेल, तर ते सुटेपर्यंत अग्रक्रम ९५ असला काय आणि ५ असला काय, सारखंच.

त्याहून खट्याळ प्रकार म्हणजे अग्रक्रमाची उलटापालट. खालच्या अग्रक्रमाच्या कामाने लॉक घेतलं. वरच्याला तेच लॉक हवं आहे, म्हणून ते थांबलं. इतक्यात मधल्या अग्रक्रमाचं तिसरंच काम उठलं, त्याने खालच्याला बाजूला सारलं, त्यामुळे लॉक सुटेना. परिणाम: सर्वांत महत्त्वाचं काम मधल्याच्या मर्जीवर लटकलं. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या 'पाथफाइंडर' यानाचा संगणक याच कारणाने पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत होता. हवामानाची माहिती गोळा करणारं कमी अग्रक्रमाचं काम लॉक धरून अडकायचं, मुख्य काम खोळंबायचं आणि पहारा देणारा टायमर सगळं नव्याने सुरू करायचा. पृथ्वीवरून 'अग्रक्रमाचा वारसा' ही सोय चालू केली आणि प्रश्न मिटला. लॉक धरणाऱ्याला तेवढ्यापुरता, वाट पाहणाऱ्याचाच वरचा अग्रक्रम द्यायचा, म्हणजे तो झटपट काम उरकून लॉक सोडतो.

प्रीएम्प्ट-आरटी नेमकं हेच कर्नलभर करतं. कर्नलमधली बहुतेक 'स्पिनलॉक' (वाट पाहताना प्रोसेसर अडवून ठेवणारी लॉक) वारसा देणाऱ्या लॉकमध्ये बदलतात. हार्डवेअरकडून येणाऱ्या इंटरप्टची, म्हणजे 'इकडे लक्ष द्या' अशा हाकांची, कामं अग्रक्रम देता येणारे स्वतंत्र धागे (थ्रेड) बनतात, म्हणजे यूएसबीच्या इंटरप्टला वायफायच्या वर बसवता येतं. शेवटचा अडथळा होता कर्नल आपले संदेश पडद्यावर छापतं ती व्यवस्था. ती सगळ्यांना थांबवून ठेवू शकत होती. तिचीही फेरबांधणी झाली, तेव्हा कुठे ६.१२ ची वेळ आली.

एवढं असूनही घरच्या स्टुडिओला बहुतेक वेळा याची गरज पडत नाही. तुमच्या वितरणाचं (डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या तयार संचाचं) नेहमीचं कर्नल ही सोय चालू करून बांधलेलं असेलच असं नाही. डेबियनमध्ये त्यासाठी वेगळं 'आरटी' पॅकेज आहे, आणि एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर आरटी कर्नलवर सहजी बसत नाही. आधी साधं कर्नल 'preempt=full' आणि 'threadirqs' हे दोन बूट-पर्याय (संगणक सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचना) देऊन चालवून पाहा. १२८ किंवा २५६ च्या बफरवर तेवढ्याने भागतं.

खरेदीत इंटरफेस सर्वांत महत्त्वाचा. दोन इनपुट, दोन आउटपुट, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) आणि डायरेक्ट मॉनिटरची कळ किंवा नॉब, इतकं पुरे. वेष्टनावर 'क्लास कम्प्लायंट' लिहिलेला यूएसबी इंटरफेस घ्या. त्याला लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर लागत नाही, कर्नलमधली 'अल्सा' ही आवाजाची व्यवस्था त्याला ओळखते. फोकसराइट स्कारलेट आणि बेहरिंगरची यूएमसी मालिका याच जातीची. सोबत एक कंडेन्सर माइक, तीन पिनांची एक्सएलआर केबल, स्टँड आणि कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे, तारेचे हेडफोन. ब्लूटूथ हेडफोन या कामाला बाद: त्यांचा उशीर सहज दीडशे मिलिसेकंदांच्या घरात जातो.

इंटरफेस हबमधून न लावता थेट लॅपटॉपला लावा. मग परवानग्या. उबुंटू-डेबियनमध्ये 'जॅकडी२' हे आवाजाची वाहतूक करणारं पॅकेज बसवताना रिअल-टाइम अग्रक्रम हवा का, असं विचारलं जातं, 'हो' म्हणा. स्वतःचं खातं 'ऑडिओ' गटात घाला आणि लॉगआउट करून पुन्हा आत या. सगळं बिनसण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे हे शेवटचं राहून जाणं. 'ulimit -r' ही आज्ञा दिली की ९५ आकडा दिसला पाहिजे. शून्य दिसला तर गटाचं काम झालेलं नाही. जॅकडी२ ही परवानगी ज्या फाइलमध्ये लिहितं, तिच्यात 'मेमलॉक' ची, म्हणजे मेमरी जागेवर धरून ठेवण्याची, मर्यादाही उठवलेली असते. ती हवीच, कारण सॉफ्टवेअरची मेमरी डिस्कवर ढकलली गेली तर ती परत आणायला मुदतीच्या कितीतरी पट वेळ लागतो.

बहुतेक नव्या वितरणांत आवाजाची वाहतूक विम टायमन्स यांनी सुरू केलेलं 'पाइपवायर' करतं. फेडोराने २०२१ मध्ये ते पहिल्यांदा मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारलं. त्याचा बफर मूळ सेटिंगमध्ये साधारण १०२४ असतो, जो गाणी ऐकायला ठीक आणि रेकॉर्डिंगला फार मोठा. आवाजाच्या सेटिंगमध्ये इंटरफेसचं प्रोफाइल 'प्रो ऑडिओ' करा. 'pw-top' ही आज्ञा चालू ठेवली की प्रत्येक सॉफ्टवेअरचा बफर, त्याने खाल्लेला वेळ आणि 'ERR' च्या रकान्यात चुकांचा आकडा दिसतो. हा आकडा कुणाच्या ओळीत वाढतो त्यावर लक्ष ठेवा. गुन्हेगार तिथेच सापडतो. फक्त रेकॉर्डिंगच करायचं असेल तर याहून सोपा मार्ग आहे: आर्डरमध्ये थेट 'अल्सा' निवडा, ४८,००० चा दर, २५६ चा बफर आणि पीरियड (रांगेत ठेवायचे गठ्ठे) तीन. यूएसबी आपली पाकिटं ठरावीक ठेक्याने पाठवते आणि तो ठेका बफरच्या लांबीशी जुळेलच असं नाही, म्हणून दोनऐवजी तीन पीरियड सुरक्षित पडतात.

प्रोसेसरची झोपही मोडावी लागते. वीज वाचवण्यासाठी तो गाढ झोपतो आणि जागा व्हायला शंभर-दोनशे मायक्रोसेकंद सहज घेतो. पॉवर सेटिंग 'परफॉर्मन्स' वर ठेवा. इथे एक गंमतीशीर अडचण येते. दोन पिनांचा किंवा अर्थिंग नसलेला चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची घरघर येते. चार्जर काढला की ती जाते, पण लॅपटॉप लगेच बॅटरी वाचवू लागतो आणि टिक्-टिक् सुरू होते. चार्जर काढल्यावर पॉवर सेटिंग पुन्हा तपासायची, नाहीतर अर्थिंगचं सॉकेट दुरुस्त करून घ्यायचं.

तरीही टिक् येत असेल तर काम जागं व्हायला किती उशीर होतो हे मोजणारं 'सायक्लिकटेस्ट' हे साधन अर्धा तास चालवा. त्यात सरासरी आणि कमाल असे वेगवेगळे आकडे दिसतात. सरासरी एक आकडी मायक्रोसेकंदांत आणि कमाल हजारांत असेल, तर वायफाय बंद करून पुन्हा मोजा. मग ब्लूटूथ, मग बाकीची यूएसबी उपकरणं. कशानेच फरक पडला नाही तर दोष मदरबोर्डच्या फर्मवेअरचा असू शकतो. ते कर्नलला न विचारता प्रोसेसर ताब्यात घेतं आणि त्यावर प्रीएम्प्ट-आरटीचाही इलाज चालत नाही. वाईट लिहिलेल्या प्लगइनवरही (रिव्हर्बसारख्या जोड-सॉफ्टवेअरवरही) नाही.

आता उशीर. १२८ चा बफर आणि दोन पीरियड असतील तर माइकपासून हेडफोनपर्यंतचा फेरा साधारण ९-१० मिलिसेकंदांचा होतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हा उशीर तीन-साडेतीन मीटर अंतराइतका. बैठकीत इतक्या लांब बसलेल्या पेटीवाल्याबरोबर गाता येतं, तेव्हा लयीची चिंता नको. बिघडतो तो आवाजाचा पोत. गायकाला स्वतःचा आवाज हाडांमधून तत्काळ ऐकू येतो, आणि तोच हेडफोनमधून उशिरा येऊन त्यात मिसळतो. पाच मिलिसेकंदांचा उशीर असेल तर १००, ३००, ५०० हर्ट्झ अशा ओळीने काही कंप्रता एकमेकींना मारतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ लागतो. गायक दोष माइकला देतो. उपाय डायरेक्ट मॉनिटर: माइकचा आवाज लॅपटॉपची वारी न करता इंटरफेसमधूनच हेडफोनला जातो. तेव्हा आर्डरमधलं मॉनिटरिंग मात्र बंद ठेवा, नाहीतर तेच दुखणं दुप्पट होऊन परत येतं. डायरेक्ट मॉनिटर वापरला तर ५१२ चा बफरही चालतो आणि या लेखातली निम्मी उठाठेव वाचते.

गेन (माइकचा आवाज वाढवणारा नॉब) इतकाच ठेवा की सर्वांत जोरकस तान उणे १० ते १२ डेसिबलच्या वर जाणार नाही. २४ बिटांत खाली भरपूर जागा असते. पंखा बंद, फ्रिजपासून लांब, कुकर लावायच्या आधी. आर्डर मूळ सेटिंगमध्ये ३२ बिटांत साठवतं. एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे साडेअकरा एमबी घेतो.

१९२ किलोहर्ट्झच्या मागे लागू नका. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही आणि ४८ चा दर तेवढं पूर्ण टिपतो. दर चौपट केला की मुदती चौपट आखूड होतात, एवढंच पदरात पडतं. असाच दुसरा बाजार '४३२ हर्ट्झ' चा: म्हणे त्यावर लावलेलं संगीत पेशी बऱ्या करतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला आहे. निसर्गाला ४३२ या आकड्याचं कौतुक असण्याचं कारण नाही. आपल्याकडे तर षड्जच गळ्याप्रमाणे ठरतो. कुणाचा काळी एक, कुणाचा काळी चार. गेली कित्येक शतकं गायक 'चुकीच्या' कंप्रतेत गात आले आणि त्यांच्या पेशींना काही झालं नाही.

शेवटचं काम मोजणीचं. तंबोऱ्याच्या ट्रॅकवर गायन, त्यावर तबला, असं एकेक चढवत गेलात तर प्रत्येक ट्रॅक फेऱ्याच्या उशिराइतका मागे पडू शकतो. तो किती, हे इंटरफेसची जाहिरात सांगत नाही, कारण त्यात आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपांचाही वेळ असतो. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटला एक साधी केबल जोडा. हेडफोन आधी कानावरून काढा. आर्डरच्या ऑडिओ सेटअपमध्ये उशीर मोजण्याचं बटण आहे. ते एक चमत्कारिक सूर वाजवतं, परत आलेला ऐकतं आणि उशीर नमुन्यांत सांगतं. तो स्वीकारला की आर्डर प्रत्येक नवा ट्रॅक तेवढा आधीच्या वेळेला सरकवून बसवतं. बफर बदलला की ही मोजणी पुन्हा करायची.