टपाली मतं मोजतच नाहीत?

अमेरिकेत राहणाऱ्यांना हा जुना फॉरवर्ड ओळखीचा असेल: 'लढत अटीतटीची असेल तरच टपाली मतं मोजतात.' तसं नाही. मतदानाच्या रात्री टीव्हीवाले विजेता सांगून मोकळे होतात, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण तो त्यांचा अंदाज. काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, मोजणी पुढे कित्येक दिवस चालते.

कॅलिफोर्नियाचं बघा. लिफाफ्यावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडतात, मगच लिफाफा फोडतात. १ टक्का केंद्रांची मतं हाताने मोजून यंत्राचा आकडाही पडताळतात. एखाद्या अगदी एकतर्फी लढतीचा काउंटीचा अंतिम निकाल उघडा: टपाली मतांचे आकडे तिथेही सापडतील. स्वतःचा लिफाफा पोचला का, तेही ऑनलाइन कळतं. सही जुळली नाही तर घरी पत्र येतं. ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नका.