पंक्तिप्रपंच आणि प्रीती

ख्रिस्ती लग्नात हमखास वाचला जाणारा उतारा म्हणजे बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय. 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे' ही ओळ पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापलेली असते. त्यामुळे हा अध्याय नवरा-बायकोच्या प्रेमाबद्दल आहे असा पुष्कळांचा समज असतो, अगदी मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, वाढलेल्यांचाही. प्रत्यक्षात तो लिहिला गेला एका भांडणाऱ्या मंडळीसाठी, आणि त्यातलं एक भांडण जेवणावरून होतं. तिथे जे चाललं होतं त्याला मराठीत नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच.

करिंथ हे ग्रीसमधलं दोन बंदरांचं शहर. रोमनांनी ख्रि.पू. १४६ मध्ये ते बेचिराख केलं आणि ख्रि.पू. ४४ मध्ये जूलियस सीझरने पुन्हा वसवलं. जुनी घराणी संपलेली, नवा पैसा आलेला. मोठेपणा मिरवायची हौस दांडगी. तिथली मंडळी एखाद्या ऐपतवाल्याच्या घरी जमे, एकत्र जेवे आणि त्याच जेवणात प्रभूच्या मरणाची आठवण करी. रोमन घरातल्या जेवणाच्या दालनात तीन बाकांवर मिळून नऊएक माणसं रेलून जेवत. बाकीचे कुठे बसत असतील याचा अंदाज करता येतो. दिवसभर राबून उशिरा पोचणारे बहुधा गुलाम आणि हमालच असावेत. पौलाची तक्रार अकराव्या अध्यायात अगदी रोखठोक आहे: जो तो आपलं जेवण आधी उरकतो, एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असं तो विचारतो. त्यावर त्याचा उपायही साधाच आहे. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

बाराव्या अध्यायात दुसरं भांडण येतं, कोणाचं कृपादान, म्हणजे देवाकडून मिळालेली देणगी, मोठं याचं. तेरावा अध्याय त्यालाच लागून येतो. मूळ पत्रात अध्यायांचे तुकडे नव्हतेच, ते तेराव्या शतकात पडले. ऐकणाऱ्यांनी हे सगळं सलग ऐकलं. 'प्रीती फुगत नाही' हे वाक्य कानावर पडलं तेव्हा त्यांना नक्की टोचलं असणार, कारण 'तुम्ही फुगला आहात' असं पौल त्याच पत्रात त्यांना आधी सुनावून बसला होता. हा अध्याय मला भावगीतापेक्षा कानउघाडणीसारखा वाटतो, आणि त्यामुळेच तो अधिक प्रिय आहे.

प्रीतीसाठी त्यातला मूळ ग्रीक शब्द 'अगापे'. हा शब्दच मुळात पवित्र, दैवी प्रेमासाठी घडवलेला, असं प्रवचनांतून नेहमी ऐकू येतं. तसं नाही. ख्रिस्ताच्या आधी हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर झालं, त्यात अम्नोनाने तामारेवर बलात्कार केला त्या कथेतही त्याच्या वासनेला हाच शब्द वापरलेला आहे. शब्दाला नवा अर्थ आला तो माणसांच्या वागण्यातून. म्हणून अगापेचा इतिहास शब्दकोशापेक्षा ताटावर शोधावा.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्राजानला कळवलं की ही ख्रिस्ती माणसं पहाटे जमून ख्रिस्ताचं स्तवन करतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन जेवतात, जेवण साधं आणि निरुपद्रवी असतं. हे जाणून घेण्यासाठी त्याने मंडळीत सेविका म्हटल्या जाणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला होता. १९७ च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन लिहितो की आमच्या जेवणाचं नावच त्याचा अर्थ सांगतं, ग्रीक लोक प्रीतीला ज्या नावाने ओळखतात तेच ते नाव. गरिबांना त्या जेवणाचा आधार होता. पण चौथ्या शतकात लाओदिकीयाच्या परिषदेने अशा पंगती चर्चच्या इमारतीत घालायला मनाई केली. प्रभूच्या मरणाच्या आठवणीचा विधी, म्हणजे प्रभुभोजन, वेदीपाशी उरला आणि जेवण बाहेर गेलं. लॅटिनमध्ये अगापेचं 'कारितास' झालं, त्यातून इंग्रजी 'चॅरिटी' आला, आणि हळूहळू त्याचा अर्थ दानधर्म एवढाच उरला. देणारा वर, घेणारा खाली. जर्मनीतल्या हेर्नहुट गावी मोरेव्हियन बंधू या प्रॉटेस्टंट पंथाने १७२७ मध्ये अशा एकत्र जेवणाची, प्रीतिभोजनाची, प्रथा पुन्हा सुरू केली, तिथून ती मेथडिस्ट पंथाने उचलली.

मराठी मुलखात हा प्रश्न आला तेव्हा तो मुळीच परका नव्हता. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं नाही, यावर इथली अख्खी समाजरचना उभी होती.

पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी (नन) त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं काम पाहायला पाठवलं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांची तिथे सेवा चाले. ही सेवा करावीशी का वाटते, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, आणि येशू त्या बाईकडे प्यायला पाणी मागतो. ब्राह्मण घरात वाढलेल्या बाईला ही मागणी केवढी मोठी आहे हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे ३०० मुली-बायकांना आणलं. केडगावच्या शेतावर त्यांची सोय झाली. मुक्ती मिशन उभं राहिलं ते या उपाशी पोरींच्या निमित्ताने.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट वेगळी. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या झाल्या नाहीत. पुढे नवऱ्याकडे परतल्यावरही सोवळं सुटलं नव्हतं. 'स्मृतिचित्रे'त त्या सांगतात की जाती देवाने केल्या की माणसाने, या विचाराने त्यांना घेरलं, आणि मग कोणाच्याही हातचं खायचं असं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. त्यांच्याकडे विश्वास आधी जेवणात उतरला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आमच्या मंडळीत हंगामाच्या उपासनेनंतर प्रीतिभोजन असतं. चटया अंथरलेल्या असतात, पत्रावळीवर भात, वरण आणि कोपऱ्यात बुंदी. गेल्या खेपेला वाढून झालं तरी पाळकांनी प्रार्थना सुरू केली नाही. वाडीवरून येणाऱ्या दोन कुटुंबांची एसटी चुकली होती, ती माणसं चालत निघाली होती. मुलं चुळबुळ करत होती, वरणावर साय धरायला लागली होती. अर्ध्या तासाने फाटक वाजलं, धुळीने भरलेले पाय धुवायला कोणीतरी बादली पुढे केली, आणि पंगतीच्या मधोमध जागा करून त्यांना बसवलं.