भोक लिंबाएवढं, ठिगळ ताटलीएवढं

फायबरच्या होडीच्या बुडाला लावलेलं एक ठिगळ मी एकदा हातात घेऊन पाहिलं होतं. ते तुटलेलं नव्हतं की फाटलेलं नव्हतं. खपली निघावी तसं होडीवरून अख्खंच्या अख्खं निघून आलं होतं. बाहेरून दगडासारखं कडक. उलटं केलं तर पाठ गुळगुळीत, चकचकीत, आणि तिला जुन्या निळ्या रंगाचा एक पातळ पापुद्रा चिकटलेला. लावणाऱ्याने रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, काटकसर केली नव्हती, मॅटही, म्हणजे काचेच्या तंतूंची चटईही, भरपूर वापरली होती. ठिगळाने पकड घट्ट धरली होती, पण रंगाची. होडीपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

स्वतःच्या हाताने होडी दुरुस्त करायला निघालेल्या प्रत्येकाला मी तो पापुद्रा दाखवला असता. कारण या कामातला सगळा कस जुनं आणि नवं जिथे भेटतं त्या सीमेवर लागतो.

फायबर म्हणजे काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. काच ठिसूळ, आणि नुसतं रेझिन घट्ट झालं की तेही ठिसूळच. मग दोन ठिसूळ गोष्टी मिळून लाटांचा मार खाणारं कवच कसं होतं? अर्धं उत्तर इंग्लंडमधल्या ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्याने १९२०-२१च्या सुमारास दिलं. त्याने काचेचे धागे ओढून ते ताणून तोडून पाहिले. धागा जितका बारीक, तितका तो आपल्या जाडीच्या मानाने जास्त ताण सोसत होता. काच तुटते ती तिच्यातल्या सूक्ष्म चिरांमुळे, आणि केसाहून बारीक तंतूत मोठी चीर मावतच नाही. होडीतला काचेचा तंतू साधारण १० ते २० मायक्रॉनचा असतो. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. उरलेलं अर्धं काम रेझिनचं. एक तंतू तुटला तर त्याचा भार शेजाऱ्यांवर वाटून द्यायचा आणि चिरेला पुढे धावू द्यायचं नाही.

भोक पडतं तेव्हा हे तंतू तुटतात, आणि तुटलेला तंतू पुन्हा सांधता येत नाही. त्याच्यावरचा भार रेझिनच्या वाटेने नव्या तंतूकडे सोपवावा लागतो. ही वाट किती रुंद ठेवायची, हा दुरुस्तीतला खरा प्रश्न.

होडी साच्यात घडते तेव्हा आधी साच्याला जेलकोट लागतो, म्हणजे बाहेरून दिसणारा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत थर. तो पुरता सेट व्हायच्या आत मागून मॅट आणि रेझिन, मग पुन्हा मॅट आणि रेझिन. प्रत्येक थर खालचा थर अजून जिवंत असताना बसतो. रेझिनच्या रेणूंना जणू मोकळे हात असतात आणि ते वरच्या थरातल्या रेणूंचे हात पकडतात. सगळे थर मिळून एकच अखंड जाळं तयार होतं. जुन्या होडीत हे हात केव्हाच एकमेकांत गुंतलेले असतात. नव्या रेझिनला धरायला तिथे हात उरलेले नसतात. त्यामुळे दुरुस्तीचं ठिगळ जुन्या कवचाशी रसायनाने एकजीव होत नाही, ते चिकटून राहतं. ही गोष्ट एकदा मनात पक्की बसली की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटत जाते.

मात्र ग्राइंडर हातात घेण्याआधी होडी ऐकायला हवी. एखादं नाणं किंवा छोट्या हातोडीचा प्लॅस्टिकचा दांडा घ्या आणि भोकापासून दूरवरून ठोकत ठोकत जवळ या. धडधाकट कवच टणटणीत वाजतं. आतले थर सुटले असतील तिथे आवाज बसका, भद्द येतो. आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खूण करत जा. बहुतेकदा डोळ्यांना बोटभर दिसणारी इजा कानांना वीतभर सापडते. धक्का बसतो तेव्हा जेलकोटला नुसता तडा जातो, पण आतले थर एकमेकांपासून सुटून बसलेले असतात. ठोकण्याची ही पाच मिनिटं कुणी वाचवू नयेत असं मला कळकळीने वाटतं.

खुणेच्या आतलं सगळं कापून काढायचं, आणि कापताना कोपरे ठेवायचे नाहीत. १९१३ साली सी. ई. इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने पत्र्यातल्या भोकांभोवती ताण कसा एकवटतो याचं गणित मांडलं. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेला तिप्पट ताण येतो. पण तेच भोक लांबट असेल, ताणाला आडवं, लांबी रुंदीच्या दसपट, तर टोकाशी ताण २१ पट होतो. चौकोनी भोकाचा प्रत्येक कोपरा अशा टोकासारखा वागतो. म्हणून गोल किंवा लंबगोल कापा. भोकापासून निघालेली चीर असेल तर तिच्या शेवटाला एक लहानसं गोल छिद्र पाडलं की तिची धाव तिथेच थांबते.

आता ती रुंद वाट. समजा कवच ६ मिलिमीटर जाड आहे आणि साफ करून झालेलं भोक ५० मिलिमीटर व्यासाचं, लिंबाएवढं. नवं फायबर फक्त कडेला चिकटवलं, तर चिकटायला मिळणारी जागा म्हणजे परीघ गुणिले जाडी, सुमारे साडेनऊ चौरस सेंटीमीटर. आता भोकाच्या चारही बाजूंनी कवच घासून एक उथळ बशी तयार करा. उतार एकास बाराचा, म्हणजे जाडीच्या बारापट रुंद. ६ मिलिमीटरला ७२ मिलिमीटर. बशीचा बाहेरचा व्यास १९४ मिलिमीटर होतो आणि चिकटायची जागा सुमारे २७५ चौरस सेंटीमीटर. जवळजवळ तीसपट. लिंबाएवढ्या भोकासाठी ताटलीएवढी धडधाकट होडी घासताना हात थरथरतो, ते साहजिक आहे. पण जागा वाढण्याइतकाच मोठा दुसरा फायदा होतो तो ओढीची दिशा बदलण्याचा. चिकटपट्टी टोकाला धरून उचकटली तर सहज निघते. तीच सपाट सरकवून पाहा, हलत नाही. कडेला जोडलेल्या ठिगळाला लाट सरळ खेचून उचकटते. उतारावर बसलेल्या ठिगळावर तीच ओढ घसरणीच्या दिशेने पसरते, आणि ती सोसणं चिकटलेल्या जोडाला फार सोपं जातं.

घासण्याआधी पृष्ठभाग ॲसिटोन या द्रावकाने पुसायचा. हा क्रम उलटा झाला तर केलेली मेहनत पाण्यात जाते. होडीवर मेण, पॉलिश, तेलकटपणा असतो. न पुसता घासलं तर ग्राइंडरची चकती तेच मेण ओरखड्यांत खोलवर भरते. पुसतानाही एक फडकं ॲसिटोनचं आणि लगेच मागोमाग दुसरं कोरडं. नाहीतर ॲसिटोन उडून जातो आणि मेण पुन्हा तिथेच पसरतं. मग खरखरीत चकतीने रंग आणि जेलकोट पार उतरवून खालचं फायबर दिसेपर्यंत जायचं. सगळीकडे मंद, एकसारखं खरबरीत दिसायला हवं. एखादी जागा चमकली तर ती अजून घासायची राहिली आहे. त्या निघून आलेल्या ठिगळाच्या पाठीवर हीच चमक होती.

कोरडेपणाबद्दल घाई नको. घासलेल्या भागावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करा आणि एक-दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर होडीत अजून पाणी आहे. बुडाला फोड आलेले असतील तर ते वेगळं प्रकरण. जेलकोटमधून पाणी अतिशय सावकाश आत झिरपतं, रेझिनमधले उरलेसुरले घटक विरघळवतं आणि दाबाने फोड फुगतो. तो टोचला की आतला आंबट वासाचा, आम्लधर्मी द्रव पिचकारीसारखा उडू शकतो, म्हणून डोळ्यांवर गॉगल हवाच. असे फोड उघडून गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावे लागतात आणि वाळायला आठवडे जातात.

रेझिन कोणतं घ्यायचं? पॉलिएस्टर स्वस्त, बहुतेक होड्या त्याच्याच, आणि त्यावर जेलकोट छान बसतो. पण जुन्या कवचाला चिकटण्यात एपॉक्सी स्पष्टपणे सरस, शिवाय घट्ट होताना ते कमी आकसतं. पाण्याखाली राहणाऱ्या भागाच्या दुरुस्तीला मी एपॉक्सीच सुचवेन. दोघांचा स्वभाव मात्र अगदी वेगळा. पॉलिएस्टरमध्ये घालतात तो पेरॉक्साइड ठिणगीचं काम करतो. १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम, आणि रेणूला रेणू जोडत जाण्याची साखळी सुरू होते. थोडं कमीजास्त झालं तर वेळ बदलतो. एपॉक्सीला घट्ट करणारा हार्डनर ठिणगी नसून निम्मा संसार आहे. त्याचा प्रत्येक रेणू रेझिनच्या रेणूशी जोडी जमवतो. हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर सेट होईल, हा समज इथे घात करतो. जोडी न मिळालेले रेणू तसेच राहतात आणि ठिगळ कायमचं मऊ राहतं. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हे वाचून काटेकोर मोजा.

पॉलिएस्टरसोबत कोबाल्ट, म्हणजे सेट होण्याला वेग देणारा द्रव, वेगळा मिळत असेल तर एक गोष्ट जीवावरची आहे. कोबाल्ट आणि पेरॉक्साइड थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत. आग लागते, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, पेरॉक्साइड त्यानंतर. पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तसं झालंच तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धूत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा.

मॅट निवडतानाही रेझिन बघावं लागतं. तुकड्यांच्या मॅटमधले तंतू एका बंधकाने एकत्र धरलेले असतात आणि तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे तीच मॅट ताठ राहते, नीट भिजत नाही. एपॉक्सीला विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या. पॉलिएस्टरमध्ये चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर जाडी देतो, म्हणजे आपल्या ६ मिलिमीटरच्या कवचाला सहाएक थर.

भोक आरपार असेल तर मागे आधार लागतो. आतून हात पोचत नसेल तर एक सुंदर युक्ती आहे. फायबरचा दोन थरांचा पातळ पत्रा वेगळा घडवून सेट होऊ द्यायचा, तो भोकापेक्षा थोडा मोठा लंबगोल कापायचा, मधून तार ओवायची आणि किंचित वाकवून, तिरका करून भोकातून आत सरकवायचा. मग कडेला दाट केलेलं एपॉक्सी लावून तारेने बाहेर ओढायचा आणि सेट होईपर्यंत ताणून बांधून ठेवायचा. तार कापली की भोक एक बशी झालेलं असतं.

थर बसवताना कोरडी मॅट पांढरी दिसते. ब्रशने रेझिन टेकवत जा, घासू नका. तंतूंमधली हवा निघून जिथे रेझिन शिरतं, तिथला पांढरेपणा विरत जातो आणि खालचं फायबर दिसू लागतं, तेलाने कागद भिजावा तसं. उरलेला पांढरा ठिपका म्हणजे अडकलेली हवा. खाचांच्या रोलरने मधून कडेकडे फिरवत ती बाहेर काढायची. वर रेझिनचं तळं साचलं असेल तर तेही पुसून काढा. तंतूंना भिजवून उरलेलं रेझिन फक्त वजन आणि ठिसूळपणा वाढवतं. थरांच्या क्रमावर कारागिरांत दोन मतं आहेत. मी सर्वात मोठा तुकडा आधी लावण्याच्या बाजूचा आहे. त्यामुळे एक अखंड थर पूर्ण उतारावर जुन्या फायबरला धरून बसतो, आणि शेवटी घासून सपाट करताना कात्री लागते ती वरच्या लहान तुकड्यांना.

रेझिन सेट होताना उष्णता सोडतं. खोल डब्यात ठेवलं तर उष्णता आतच कोंडते, प्रक्रिया आणखी वेगाने धावते आणि डब्यातून धूर निघू लागतो. पसरट ट्रेमध्ये थोडं थोडंच घ्या, आणि एका बैठकीत तीन-चार थरांच्या पुढे जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी पॉलिएस्टर बोटाला चिकट लागलं तर घाबरू नका. हवेतला ऑक्सिजन वरच्या पातळ थराची साखळी तोडतो. म्हणून शेवटच्या थरात मेण मिसळतात, ते वर येऊन हवा अडवतं. एपॉक्सीवर दमट हवेत मेणासारखा ओशट थर येतो. हार्डनर, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांचा तो मिलाफ. तो पाण्यात विरघळतो. साध्या पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुवून मगच घासायचा.

घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजवते, फुफ्फुसाला त्याहून वाईट. चांगला मास्क, लांब बाह्या, हातमोजे, उघडी हवा. कच्चं एपॉक्सी वारंवार कातडीला लागलं तर ॲलर्जी होते, आणि बहुधा ती आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. आणि इजा कण्याच्या जोडाला, आतल्या आडव्या-उभ्या फासळ्यांना किंवा इंजिन बसवलेल्या मागच्या फळीला झाली असेल, तर ते काम जाणकाराच्या हाती द्या. तिथे भार कसा वाहतो हे बाहेरून दिसत नाही.

पाण्याखाली राहणारा पृष्ठभाग समतल करायला मोटारगाडीची पुट्टी नको, ती पाणी पिते. दाट केलेल्या एपॉक्सीची पुट्टी भरा, घासा, वर एपॉक्सी प्रायमर आणि रंग. मग तेच नाणं पुन्हा हातात घ्या. जुन्या कवचावरून ठोकत निघा, बशीची कड ओलांडा, ठिगळाच्या मधून पलीकडच्या जुन्या कवचावर जा, आणि डोळे मिटून ऐका, कड कुठे आली ते कानाला कळतं का.