चिलखताच्या आतली बाजू

चिलखती गाडीचा विषय निघाला की बोलणे पत्र्याच्या जाडीवर जाते. किती मिलिमीटर, कुठली गोळी अडते, खाली किती किलोचा सुरुंग सोसते. आत बसलेल्याला जखमी करणारा तुकडा मात्र अनेकदा त्याच पत्र्याचा असतो, आणि त्यासाठी गोळी आरपार जावीच लागते असे नाही.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर ब्रिटिशांचे मार्क १ रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले. आत आठ माणसे, मधोमध उघडे इंजिन, भोवती फार तर १२ मिलिमीटर पोलाद. मशिनगनच्या गोळ्या बाहेर आपटल्या की आतल्या अंगाने तापलेल्या कपच्या उडत आणि गोळीतले शिसे सांध्यांतून आत शिंपडले जाई. उपाय म्हणून आतल्या माणसांना चामड्याने मढवलेला मुखवटा मिळाला: डोळ्यांपुढे बारीक फटी, तोंडावर लोखंडी कड्यांची झालर. म्हणजे अस्तर गाडीला न लावता माणसाच्या चेहऱ्याला लावले. इंजिनाच्या त्या भट्टीत तो किती जणांनी चढवून ठेवला असेल, कोण जाणे.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेले अमेरिकी बनावटीचे ग्रँट आणि ली रणगाडे रिव्हेट मारून जोडलेले होते. बाहेर दणका बसला की रिव्हेट तुटून आत गोळीसारखा सुटे. पुढे वेल्डिंगने रिव्हेट घालवले, पण तोवर ब्रिटिशांनी आतल्या कपच्यांचेच शस्त्र करून टाकले होते. त्यांच्या ‘हेश’ गोळ्यातली मऊ स्फोटके चिलखतावर कणकेच्या गोळ्यासारखी थापली जातात आणि मग फुटतात. धक्क्याची लाट पोलादातून जाऊन मागच्या पृष्ठावरून परतते आणि आतल्या अंगाचा लचका तोडते. पत्र्याला भोक नाही, पण आतली माणसे मेलेली. आपल्या अर्जुन रणगाड्याची तोफही हे गोळे डागते.

आतल्या भिंतीला अस्तर लावायची कल्पना मात्र अण्वस्त्रांच्या भीतीतून आली. १९६०च्या दशकात सोव्हिएत टी-५५ए रणगाड्याला आतून जे जाड अस्तर लावले ते किरणोत्सारासाठी. ते कपच्याही अडवते, हा वरकड फायदा. १९६५ मध्ये ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून केवलार हा अतिशय चिवट कृत्रिम धागा आला आणि कपच्यांसाठीच खास अस्तर करणे जमले. १९८०च्या दशकातल्या एम११३ए३ या अमेरिकी सैनिकवाहू चिलखती गाडीत ते बसवलेले होते. चिलखत फुटलेच तर कपच्या शंकूसारख्या पसरतात. अस्तर हा शंकू अरुंद करते, म्हणजे समोरचा एखादा वाचत नाही, पण त्याच्या शेजारचे वाचतात.

सुरुंगांपुढे या अस्तराचा फार उपयोग नव्हता. व्हिएतनाममध्ये सैनिक एम११३च्या तळाशी वाळूची पोती टाकत, नाहीतर सरळ टपावर बसत. ऱ्होडेशिया (आजचा झिंबाब्वे) आणि दक्षिण आफ्रिकेत १९७०च्या दशकात स्फोट दोन्ही बाजूंना वळवणारा, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा तळ रुळला. त्यातल्याच कॅस्पिर गाड्या पुढे भारतीय लष्करानेही घेतल्या. गाडी फुटेनाशी झाली तेव्हा जवानाला नेमके काय होते, हे नीट दिसू लागले. तळाचा पत्रा वर उसळतो आणि घोट्याचा चुरा होतो. आसनामार्गे धक्का मणक्यात जातो. मग माणूस उडतो आणि डोके छताला आपटते.

डोक्यासाठी अमेरिकेने मोटारींकडे पाहिले. तिथे मोटारीच्या आतल्या कडांवर कृत्रिम डोके ताशी २४ किलोमीटर वेगाने आदळून चाचणी होते आणि इजेचा निर्देशांक १००० च्या खाली लागतो. मिशिगनमधल्या वॉरन येथील लष्करी वाहन संशोधन केंद्र, टार्डेक, याने त्याच धर्तीवर लष्करी वाहनांसाठी आतल्या गाद्या तपासल्या. पण मोटारीतला फोम उचलून रणगाड्यात चिकटवता येत नाही. तो पेटता कामा नये आणि जळलाच तर विषारी धूर नको. वाळवंटात मऊ आणि बर्फात दगड होऊन चालत नाही. शिवाय हेल्मेट घातलेले डोके आणि छत यांत जागा उरते चार बोटे.

पायांसाठी दोन तोडगे निघाले: तळावर धक्का शोषणाऱ्या जाड चटया, आणि तळाला न टेकता छताला किंवा बाजूच्या भिंतीला टांगलेली आसने. त्या आसनांना पाय ठेवायला दांडी असते. लांबच्या प्रवासात जवान कंटाळून पाय खाली सोडतो, म्हणून चटईही लागतेच.