'क्विक' म्हणजे 'फास्ट' नव्हे

'फास्ट' तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा ते आधी उरकतो. त्याचा मूळ अर्थ घट्ट, पक्का. साडीचा रंग 'फास्ट' आहे असं दुकानदार सांगतो, तेव्हा तो रंग पळत नाही, जागचा हलत नाही. उपवासाचा 'फास्ट'ही त्याच कुळातला; नेम घट्ट धरायचा. वेगाचा अर्थ मागाहून चिकटला. झालं.

खरा घोळ 'क्विक'चा. 'क्विकसिल्व्हर', म्हणजे पारा, याचा अर्थ चपळ चांदी, असं परवा पुन्हा एकदा वाचलं आणि डोकं फिरलं. अहो, जुन्या इंग्रजीत 'क्विक' म्हणजे जिवंत! आपला 'जीव', लॅटिनमधला 'वीवुस' आणि हा 'क्विक' तिघेही एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. लॅटिनमध्ये पाऱ्याला जिवंत चांदी म्हणत, इंग्रजांनी तेच शब्दशः उचललं. 'क्विकलाइम' म्हणजे आपला कळीचा चुना. पाणी पडलं की खदखदू लागतो, म्हणून जिवंत. १६११च्या किंग जेम्स बायबलातले 'क्विक' आणि 'डेड' म्हणजे जिवंत आणि मेलेले. तिथं चपळाईचा काही संबंध नाही. नखाखालच्या हुळहुळ्या मांसालाही 'क्विक'च म्हणतात आणि 'कट टू द क्विक' हा वाक्प्रचार तिथूनच आला. त्यासाठी मराठीत 'जिव्हारी लागणं' आयतं हजर असताना भाषांतरकार 'मनाला खोलवर जखम झाली' लिहीत बसतात. का, देव जाणे.

हा अर्थ फक्त पोथ्यांत उरलाय असंही नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२मध्ये बेकायदा गर्भपात घडवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. बाई 'क्विक विथ चाइल्ड' असेल, म्हणजे पोटातल्या बाळाची हालचाल जाणवू लागली असेल, तर सात वर्षांपर्यंत. २०२४मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८मध्येही ते शब्द तसेच आहेत. 'लवकरच बाळंत होणारी' असा अर्थ लावलात, तर शिक्षेचं सगळं गणितच चुकेल.

जिवंत ते हालणारं, हालणारं ते चपळ, असा हा शब्द सरकत गेला आणि शेवटी 'फास्ट'च्या शेजारी येऊन बसला. आजचा फरक किरकोळ आहे: वेग असेल तर 'फास्ट', वेळ थोडा लागत असेल तर 'क्विक'. विरारची लोकल फास्ट. ती यायच्या आत उभ्याउभ्या मारलेला कटिंग क्विक.