12 टक्क्यांचं बहुमत

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या प्रतिनिधिगृहात 1965 पर्यंत 246 आमदार बसत. हिशेब सरळ होता, गाव तिथे एक आमदार. 1960च्या जनगणनेत बर्लिंग्टनची लोकसंख्या 35,531 भरली, तर डोंगरातल्या स्ट्रॅटनमध्ये पन्नास माणसंही नव्हती. जागा दोघांनाही एकेकच.

ही विषमता मोजायची कशी? सर्वांत मोठ्या गावाला सर्वांत लहान गावाने भागलं, तर आकडा बातमीला झकास मिळतो. पण त्यात बाकीच्या 244 गावांचा पत्ताच लागत नाही. मॅनिंग डाउअर आणि रॉबर्ट केल्से या राज्यशास्त्रज्ञांनी 1955 मध्ये जास्त कामाचं माप मांडलं. मतदारसंघ लोकसंख्येच्या चढत्या क्रमाने लावायचे, लहानापासून बेरीज करत जायची, बहुमताइतक्या जागा भरल्या की थांबायचं आणि आलेल्या बेरजेला राज्याच्या लोकसंख्येने भागायचं.

समजा, गावं पाच आहेत: 50, 100, 150, 700 आणि 4,000 वस्तीची. बहुमताला तीन जागा लागतात. पहिल्या तिघांची बेरीज 300, एकूण 5,000; म्हणजे 6 टक्के.

व्हरमाँटची लोकसंख्या 3,89,881. बहुमताला 124 जागा हव्यात (123 वर थांबलात तर ती बरोबरी, बहुमत नव्हे). उत्तर येतं जेमतेम 12 टक्के.

घोटाळा होतो तो याचा अर्थ लावताना. 12 टक्के लोक राज्य चालवत होते असं हा आकडा म्हणत नाही. सगळी लहान गावं एकजूट झाली तर किती पुरतील, एवढंच तो सांगतो. शिवाय मोजणी माणसांची आहे, मतदारांची नाही. लहान मुलंही त्यात आली.

जून 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ खटल्यात राज्यांच्या दोन्ही सभागृहांना लोकसंख्येचा निकष लावला. पुढच्याच वर्षी व्हरमाँटने जागा 150 वर आणल्या. आमदारामागे सरासरी सुमारे 2,600 माणसं आली. त्या हिशेबाने बर्लिंग्टनचा वाटा तेरा-चौदा जागांचा होतो. लहान गावं मात्र शेजाऱ्यांना जोडावी लागली, आणि त्यासाठीचा कायदा मंजूर करायचा होता तो त्याच गावांच्या आमदारांनी.